बेळगावजवळच्या खेड्यातनं मराठी यूट्यूब चॅनेलचे प्रेक्षक कसे वाढवायचे? भाषा बदलू का?

तुम्ही लिहिलंय की गावच्या यात्रांचे आणि शेतीचे व्हिडिओ टाकता, 300 सबस्क्रायबरवर गाडी अडकलीय, एकजण सांगतोय मराठी सोड हिंदीत कर, आणि दुसरा सांगतोय सीमाप्रश्नाचा मसाला टाक, एका रात्रीत वर जाशील. तो दुसरा माणूस माझा मामेभाऊ नसेल तर त्याचा कोणीतरी भाऊबंद असणार. म्हणून लिहायला बसलो, नाहीतर टॅग कसे टाकायचे, थंबनेल कसं करायचं, रोज टाकायचं का आठवड्याला, हे सांगणारी उत्तरं ढिगानं पडलीत आणि तुम्ही ती वाचून झालेली असणारच.

माझं चॅनेल कुस्तीचं. मातीतली, मॅटवरची नाही. यात्रांचा सीझन लागला की आज सांबरा, परवा येळ्ळूर, मग कंग्राळी, तिकडं खानापूर, निपाणी, कुठं ना कुठं मैदान असतंच. कोरोनात मैदानं बंद पडली तेव्हा लोक मोबाईलवर जुन्या कुस्त्या किती शोधतात ते कळलं आणि त्यातनं हे सुरू झालं. शूटिंग मी करायचो, कापाकापी आणि अपलोड मामेभाऊ. तो मूळचा टिकटॉकवाला. जून 2020 ला टिकटॉकवर बंदी आली आणि त्याचे तिथले सगळे फॉलोअर एका रात्रीत गेले, तेव्हापासनं त्याच्या डोक्यात पक्कं बसलंय की जे काय मिळवायचं ते आज, उद्या हे पण बंद होईल. त्याचं दुःख मला कळतं. पण त्याचा हिशोब मला तेव्हा पटला नव्हता आणि आज पण पटत नाही.

झालं काय, एका उन्हाळ्यात एका गावच्या मैदानात शेवटून दुसरी कुस्ती लागली, कोल्हापूरच्या तालमीतला पोरगा आणि दावणगेरेचा पोरगा. आमच्याकडं कमिटी जोड लावतानाच असे लावते, एकीकडं कोल्हापूर-सांगली, एकीकडं धारवाड-दावणगेरे, मग गर्दी पण दोन्हीकडची येते. बराच वेळ खडाखडी, म्हणजे उभ्यानं हाताला हात, चालली, मग दावणगेरेवाल्यानं पट काढून, म्हणजे पाय धरून खाली पाडून, वरनं कब्जा घेतला, लोक म्हणाले संपली कुस्ती, काहीजण चपला घालून उठले सुद्धा, तेवढ्यात कोल्हापूरवाला खालनं निसटला आणि पोकळ घिस्सा या डावावर त्याला चितपट केला. हलगी काय वाजली त्या दिवशी! दोघं गळ्यात पडले, आणि मैदान सुटल्यावर एकाच पंगतीला भात-आमटी जेवले, ते पण शूट केलंय माझ्याकडं. मी व्हिडिओ साधा टाकला, दोघांची नावं, गावं, मैदान कुठलं, बस. हळूहळू चालला होता. कमेंट निम्म्या कन्नडमध्ये निम्म्या मराठीत, वाद होता तो त्याची पाठ नीट टेकली होती का नाही यावर. मला अजून वाटतं तेच आमच्या चॅनेलचे सगळ्यात चांगले दिवस होते.

मग ऑक्टोबर संपत आला. 1 नोव्हेंबरला आमच्याकडं काय असतं ते तुम्हाला सांगायला नको, एकीकडं कन्नडवाल्यांची राज्योत्सवाची मिरवणूक आणि एकीकडं मराठीवाल्यांचा काळा दिवस. भावानं 31 च्या रात्री तीच कुस्ती परत कापली, फक्त शेवटचा एक मिनिट, खाली ढोल-ताशा लावला, थंबनेलवर एका बाजूला भगवा, एका बाजूला लाल-पिवळा, मधी तो दावणगेरेचा पोरगा पाठीवर पडलेला, आणि वर 'मराठी वाघानं दाखवली जागा'. मला फोन करून विचारलं होतं, मी सरळ नको म्हटलं. म्हणाला, 'काय गा, एवढं घाबरूलास कशाला, एक दिवस ठेवून बघूया की.' पासवर्ड त्याच्याकडं पण होता, टाकला.

आणि तो मराठी वाघ होता कर्नाटकातल्या अथणीकडचा, घरात कन्नड बोलणारा. तालीम कोल्हापुरात म्हणून कोल्हापूरचा. मैदानावर आमच्याशी बोलला तो कन्नडमध्येच, हे भावाला पण चांगलं माहीत होतं.

व्ह्यूज आले. खोटं कशाला सांगू, सगळ्या कुस्त्यांना मिळून वर्षभरात आले नव्हते तेवढे दोन दिवसात आले, सबस्क्रायबर पण धाड धाड वाढले आणि भाऊ घरात पेढे घेऊन आला. कमेंटमध्ये आयाबहिणी निघत होत्या दोन्ही बाजूनं. त्यातल्या एकानं पण डाव कुठला होता हे विचारलं नाही. व्हिडिओवर पिवळा डॉलर लागला, म्हणजे जाहिराती जवळपास बंद, म्हणजे एवढं करून पैसे पण नाहीत. तिसऱ्या दिवशी त्या कोल्हापूरच्या पोराच्या वस्तादांचा फोन आला, ओरडले नाहीत, एवढंच म्हणाले की पोराला उद्या दावणगेरेतच कुस्तीला जायचंय. मी व्हिडिओ काढला. भाऊ तेव्हापासनं माझ्याशी नीट बोलत नाही, आणि घरात लग्न निघालं की जेवणाच्या पंगतीत विषय हटकून काढतो, 'ते ठेवलं असतंस तर आज लाखात असतास.'

आता खरी मोजणी सांगतो, कारण ही त्यानं कधी ऐकूनच घेतली नाही. त्या दोन दिवसात जे लोक आले त्यांना यूट्यूबनं आमच्या पुढच्या कुस्त्या दाखवायला घेतल्या. साहजिक आहे, त्यांनीच सबस्क्राईब केलं होतं. त्यांनी क्लिक केलं नाही. ज्यांनी केलं ते पहिल्या अर्ध्या मिनिटात गेले, कारण त्यात खडाखडी होती, भांडण नव्हतं. यूट्यूब स्टुडिओत क्लिक-थ्रू रेट बघा, म्हणजे थंबनेल दिसलेल्या शंभरातल्या कितीजणांनी दाबलं, रिटेन्शनचा ग्राफ बघा, म्हणजे लोक कुठवर टिकले, परत येणारे प्रेक्षक बघा, तिन्ही खाली. आणि जे जुने होते, धारवाडकडचे, जे आपणहून मला तिकडच्या मैदानांच्या क्लिप पाठवायचे, ते गप्प झाले. रस्त्यावर भांडण लागलं की गर्दी होते, पण ती गर्दी पांगताना कोण तुमच्या दुकानात शिरून तेलाचा डबा घेत नाही. यूट्यूब स्वतः म्हणतं की एका व्हिडिओमुळं चॅनेलला शिक्षा होत नाही, आणि ते खरं पण असेल, शिक्षा आम्हाला यूट्यूबनं केलीच नाही, आम्ही बोलावलेल्या माणसांनी केली. पुढच्या सीझनला एका कमिटीनं तर आखाड्याजवळ स्टँड लावू दिला नाही, लांब मंडपाच्या खांबाला टेकून शूट केलं.

तर तुमचा प्रश्न. 300 माणसं कोण आहेत ते आधी बघा. गावातली, नात्यातली, 'सबस्क्राईब कर रे' म्हणून पाठीमागं लागून केलेली असतील तर ती सोडा, ती बघत नाहीत, आणि आपसात तू मला कर मी तुला करतो हा प्रकार तर करूच नका, तो नियमात पण बसत नाही. अनोळखी माणसं कुठल्या व्हिडिओवर थांबलीत ते शोधा आणि तसलेच अजून चार करा. क्लिक-थ्रू रेट बघून पण घाबरायचं नाही, यूट्यूबच सांगतं की निम्मे चॅनेल आणि व्हिडिओ 2 ते 10 टक्क्यातच असतात.

शेतीचं माझ्यापेक्षा तुम्हाला जास्त कळतंय, तरी सांगतो, लोक शोधतात ते सौंदर्य नाही, उपयोग. ड्रोननं हिरवं शेत दाखवलं की सगळे लाईक करतात आणि जातात. रताळ्याला आज मार्केट यार्डात काय दर लागला, एकादशीच्या आणि महाशिवरात्रीच्या आधी काय होता, बटाट्याचं बियाणं कुठनं आणलं आणि ते कसं उगवलं, हे सांगणाऱ्या माणसाकडं शेतकरी परत येतो. यात्रेचं पण तेच. चार तासाचा अख्खा व्हिडिओ गावातला मुंबईला गेलेला माणूस सोडून कोण बघत नाही. तुकडे करा, पालखी वेगळी, गाडा ओढणं वेगळं, मैदान वेगळं, आणि प्रत्येकाच्या नावात गाव आणि यात्रा लिहा. बेळगाव इंग्रजीत दोन स्पेलिंगनं शोधतात, जुनं पण आणि 2014 नंतरचं पण, दोन्ही वर्णनात टाका. आणि तो सुरवातीला फिरत येणारा लोगो असेल तर आजच काढा, तुमचा ग्राफ तिथंच पडत असणार, न बघता सांगतो.

शॉर्ट्स टाका पण त्यावर विसंबू नका. शॉर्ट्स फीडमधले तास जाहिरातीसाठी लागणाऱ्या 4000 तासात धरत नाहीत, आणि मिनिटभर बघणारा माणूस वीस मिनिटाच्या व्हिडिओला बसतोच असं नाही. टाकलाच तर मोठा व्हिडिओ त्याला रिलेटेड म्हणून जोडा, 2023 पासनं शॉर्ट्सच्या वर्णनातली लिंक दाबता येत नाही.

भाषा बदलू नका. हिंदीत गेलात तर अख्ख्या देशातल्या शेतीच्या चॅनेलांशी सामना आहे आणि तुमची हिंदी आमच्यासारखीच असणार. कन्नड येत असेल तर बाजारात बोलता तसं मधीमधी बोला की, लाजायचं काय त्यात, समोरचा शेतकरी कन्नडमध्ये बोलला तर त्याला मराठीत बोल म्हणू नका, तसंच ठेवा आणि खाली अक्षरं टाका. शीर्षकाचं कन्नड भाषांतर स्टुडिओत वेगळं टाकता येतं, कन्नडवाल्याला ते कन्नडमध्येच दिसतं. मी ते केल्यावर दावणगेरेकडचे काही लोक हळूहळू परत आले. पुण्याकडचे येऊन तुमचं मराठी सुधारायला बघतील, त्यांना हसू द्या, ते शेवटपर्यंत बघून हसतात.

आता भावाच्या बाजूनं पण एक सांगायला पाहिजे. त्यानं नंतर स्वतःचं चॅनेल काढलं, तसलंच, आणि त्याचे सबस्क्रायबर माझ्यापेक्षा जास्त आहेत. कमाई पण जास्त असेल, डिसेंबरात बेळगावात कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन भरलं की त्याची दिवाळी असते. तेव्हा फक्त आकडा पाहिजे असेल तर तो रस्ता चालतो, चालत नाही असं मी म्हणणार नाही. पण उरलेले दहा महिने तो काय टाकायचं म्हणून डोकं धरून बसतो, आणि मागच्या वर्षी कुस्तीच्या क्लिप मागायला माझ्याकडंच आला होता. दिल्या नाहीत. हे तो वाचणार मला माहीत आहे, इथंच असतो दिवसभर.

आणि हो, माझं सगळं कुस्तीवरनं आलेलं आहे, रेसिपी किंवा कॉमेडी असती तर यातलं निम्मं लागू पडलं नसतं. 500 सबस्क्रायबर, 90 दिवसात तीन व्हिडिओ आणि वर्षात 3000 तास झाले की मेंबरशिप वगैरे चालू होतं, जाहिरातीला 1000 आणि 4000 तास, तेवढ्यासाठी घाई करू नका. यात्रेचे व्हिडिओ टाकण्याआधी मात्र भोंग्यावर मागं कुठलं सिनेमाचं गाणं वाजतंय का ते कान देऊन ऐका, नाहीतर कॉपीराईटचा क्लेम येतो आणि तुमच्या व्हिडिओचे पैसे गाणंवाल्याला जातात. स्टुडिओतच गाणं काढायची सोय आहे, पण त्याच्याबरोबर कधी कधी हलगी पण जाते, म्हणून मी आता माईक भोंग्यापासनं लांब, हलगीवाल्याच्या बाजूला धरतो.