आठवणींना थोडी जागा द्यावी

प्रश्न : लेखा विभागातील नोकरीतून मी दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालो. तरुणपणी मी जलरंगात चित्रे काढत असे. पुढे नोकरी आणि संसार यांत ते सुटले. आता पुन्हा रंग आणले आहेत, पण ब्रश हातात घेतला की जुन्या गोष्टी समोर येतात. नाकारलेली एक संधी, वडिलांशी बोलायचे राहून गेलेले, मुलांना लहानपणी न दिलेला वेळ. चित्र तसेच राहते आणि दुपार सरते. पत्नी म्हणते, ‘तुम्ही भूतकाळातच राहता.’ मी काय करावे?

उत्तर : सप्रेम नमस्कार.

सर्वप्रथम, आठवणी थांबवण्याचा प्रयत्न सोडून द्यावा. म्हातारी माणसे जुन्या गोष्टींत रमू लागली की त्यांचे मन थकत चालले आहे, असे एके काळी डॉक्टरही समजत असत. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ रॉबर्ट बटलर यांनी 1963 मध्ये या समजाला आव्हान दिले. उतारवयात माणूस आपल्या आयुष्याकडे मागे वळून पाहतो, तेव्हा मिटायचे राहिलेले प्रश्न आपणहून वर येतात आणि ही प्रक्रिया स्वाभाविक आहे, असे त्यांनी मांडले. मात्र तिच्यातून काहींना समाधान मिळते, तर काहींच्या वाट्याला अपराधीपणा आणि खिन्नता येते, हेही त्यांनी सांगून ठेवले होते. आपण सध्या या दोहोंच्या मध्ये कुठेतरी उभे आहात, असे मला वाटते.

आपण सांगितलेल्या तिन्ही आठवणी एकाच जातीच्या नाहीत, आणि त्यांना एकत्र बांधल्यामुळेच ओझे वाढले आहे. मुले आज आहेत, त्यांच्याशी बोलता येते. ‘तेव्हा मी तुम्हाला फार वेळ देऊ शकलो नाही, त्याची मला खंत वाटते’ एवढे एक वाक्य त्यांना सांगितले, तर पुढचे बरेचसे बोलणे तीच करतील. वडिलांना आता पत्र पोहोचणार नाही, तरीही ते लिहावे. मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांनी 1980 च्या दशकापासून तपासलेली पद्धत साधी आहे : सलग तीन-चार दिवस, रोज पंधरा-वीस मिनिटे, मनाला लागलेल्या एकाच गोष्टीबद्दल शुद्धलेखनाची पर्वा न करता लिहीत जायचे. लिहून झाल्यावर काही वेळ मन अधिक जड होते, हे आधीच ठाऊक असलेले बरे. आणि ते सोसवेनासे झाले तर तिथेच थांबावे.

उरली ती नाकारलेली संधी. इथे मात्र मी थोडी कठोर होणार आहे. जुन्या वर्षाच्या नोंदी आजच्या दरांनी तपासल्या असत्या, तर त्यावर आपणच आक्षेप घेतला असता. मग त्या वेळच्या निर्णयाला आजची माहिती का लावता? तेव्हा हाताशी पैसे किती होते, घरात कोण अवलंबून होते, भीती कशाची होती, हे कागदावर मांडून पाहावे. शिवाय, वयाच्या साधारण दहाव्या ते तिसाव्या वर्षांमधील आठवणी उतारवयात विशेष ठळकपणे आणि अधिक संख्येने आठवतात, असे स्मृतीच्या अभ्यासकांना वारंवार आढळले आहे. त्यामुळे तेव्हाचे रंग आजच्यापेक्षा उजळ वाटणारच, आणि हीच गोष्ट त्या काळातील आपल्या चित्रांनाही लागू पडते. ती खरोखर तितकी चांगली होती का, हे एकदा पेटी उघडून पाहायला हरकत नाही.

आता छंदाविषयी. आपण नेमके जलरंग निवडले आहेत, याचा मला आनंद वाटतो, कारण या माध्यमात थांबणे हा कामाचाच भाग आहे. पहिला हात पुरता वाळण्याआधी दुसरा दिला की रंग फुटतो आणि कागदावर नको तिथे डाग पसरतात. वाळण्याची ती दहा-पंधरा मिनिटे आठवणींना देऊन टाकावीत. शेजारी एक वही ठेवावी, आलेली आठवण स्थळ आणि साल यांसह चार ओळींत उतरवावी, आणि कागद वाळला की ब्रश उचलावा. आठवणीलाच चित्राचा विषय करता आला तर अधिकच उत्तम. ‘ग्रँडमा मोझेस’ या नावाने प्रसिद्ध झालेल्या अमेरिकन चित्रकर्तीने संधिवातामुळे भरतकाम अवघड झाल्यावर, सत्तरी बरीच उलटल्यानंतर, चित्रकला गांभीर्याने हाती घेतली आणि तरुणपणी अनुभवलेले शेतावरचे जीवन स्मरणातून रंगवले. प्रसिद्धी हा तिच्या गोष्टीतील योगायोगाचा भाग. आपण त्याच्या नादी लागू नये. नोकरीतली काम मोजण्याची सवय एवढ्यात गेली नसेल, म्हणून सांगते, महिन्यात किती चित्रे पूर्ण झाली याची नोंद अजिबात ठेवू नये.

पत्नीच्या बोलण्यात तक्रार आहे, पण ती बहुधा भूतकाळाबद्दलची नाही. आपण तिथे एकटेच जाता, हे त्यांना खुपत असावे. त्यांतली कितीतरी वर्षे त्यांचीही आहेत. वहीतली एखादी नोंद त्यांना वाचून दाखवावी आणि त्यांना ते कसे आठवते, हे विचारावे. दोघांच्या हकिगती जुळणार नाहीत, याची मला जवळपास खात्री आहे, आणि त्या वादात दुपार छान जाईल.

मात्र खिन्नता दोन आठवड्यांहून अधिक काळ जवळपास रोज दिवसभर टिकली, झोप किंवा भूक उडाली, रंगांकडे पाहावेसेही वाटेनासे झाले, तर वही आणि ब्रश यांच्या भरवशावर राहू नये. नैराश्य हा वयाचा अटळ भाग नसून उपचार होऊ शकणारा आजार आहे, आणि त्यासाठी डॉक्टरांकडे वेळेवर जावे. जगणे नकोसे वाटू लागले, तर मात्र दोन आठवडे वाट न पाहता त्याच दिवशी पत्नीला सांगावे आणि त्यांना सोबत घेऊनच डॉक्टरांकडे जावे.