आत्याच्या हिशेबाची वही

बेटा,

अनेक आशीर्वाद. आत्याचा पालक म्हणून तुझी नेमणूक झाल्याचा कागद तुझ्या वडिलांनी मोबाइलवर पाठवला. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक स्तर समितीकडून, 1999च्या राष्ट्रीय न्यास कायद्याप्रमाणे रीतसर केलंत हे बरं झालं. आत्यासारख्या, स्वतःचे व्यवहार एकट्याने सांभाळता न येणाऱ्या दिव्यांग माणसांना पालक नेमून देणारा तो कायदा. नाहीतर आपल्याकडे 'पोऱ्या बघून घेईल' एवढ्यावरच भागतं.

आता एक कबुली देतो, मग बाकीचं. माझी एक विधवा चुलतबहीण होती, मूलबाळ नव्हतं. तिच्या शेतीचं कुलमुखत्यारपत्र माझ्याकडे होतं. कापूस विकला की पैसे माझ्याच खात्यात यायचे, कारण व्यापारी मला ओळखायचा. बुडवले नाहीत मी. पण तिचं बियाणं, माझं डिझेल, घरच्या लग्नाची उसनवारी, सगळं एकाच पासबुकात. तिसऱ्या वर्षी तिनं लुगड्याला पैसे मागितले आणि मी विचारलं, "आता कशाला?" तिच्याच कापसाचे पैसे! ती काही बोलली नाही. नवरा किंवा मुलगा असता तर मला कोणीतरी उलट विचारलं असतं. एकट्या माणसाचं नुकसान असंच होतं बघ. चोर लागत नाही त्याला. विचारणारं कोणी नसलं की झालं.

म्हणून तुला विचारणारं कोणी असावं, याची सोय तूच करून ठेव. आत्याच्या नावाचं वेगळं खातं, बटाईचे पैसे थेट त्यात. घरात नड आली तरी त्यातून उसने घ्यायचे नाहीत, आठ दिवसांसाठीसुद्धा नाहीत. तिच्या पेन्शनचंही तेच. औषध आणलंस तर पावती, चपला आणल्यास तर पावती. घरातले हसतील, हसू देत.

कायद्यात मुदती आहेत. नेमणुकीपासून 6 महिन्यांत तिची जमीन, ठेवी, दागिने, येणं-देणं यांची यादी समितीला द्यायची. मग दरवर्षी 31 मार्चनंतर 3 महिन्यांच्या आत जमाखर्च. ही मुदत लक्षात ठेवायला सोपी आहे, मध्येच आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया येते. आखाजीला आपण सालदाराचा, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या गड्याचा, हिशेब करतो, नवं साल ठरवतो. सासुरवाशिणी माहेरी येतात, झोके बांधतात. तुझी आत्या मात्र जन्मभर माहेरातच राहिली, त्यामुळे तिचा हिशेब कधी निघालाच नाही. यंदापासून सालदाराच्या आधी तिची वही उघड. तिला आकडे कळत नसतील, पण समोर बसवून वाच. कशावर खर्च करायचा हे तिला नीट सांगता येतं. मी तिच्याकडून बांगड्यांचे रंग ऐकलेत.

तुझे काका तिच्या दोन एकरांबद्दल बोलतात म्हणे, 'तिला काय करायचीय जमीन?' ते गोड बोलून बक्षीसपत्राचा विषय काढतील. सही तुझी लागणार. उत्तर एकच दे, समितीसमोर या. आणि ती जमीन तुलाच घ्यावीशी वाटली, तर तू आधी बाजूला हो. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यातही हेच आहे. पैशाच्या व्यवहारात आधार देणाऱ्याचा स्वतःचा स्वार्थ आडवा आला, तर त्याने त्या व्यवहारात राहायचं नाही.

अजून एक. पालक पैसा खात असेल किंवा हेळसांड करत असेल, तर नातेवाईक समितीकडे अर्ज करून त्याला काढायला लावू शकतात. हे तुझ्या जळगावच्या बहिणीला तूच सांग, तोंडावर. अवघड वाटेल. मला कोणी तसं सांगितलं असतं, तर ते लुगडं वेळेवर आलं असतं.

कुलमुखत्यारपत्राचा विषय निघालाच आहे तर, तुझ्या आजोबांचं जे जुनं आहे ते आता वापरू नका. देणाऱ्याचं भान गेलं की ते संपतं, 1872च्या करार कायद्यात तसंच आहे. गावात तरी लोक ते खुशाल चालवतात.

आखाजीला मी येतोय. तोवर यादी कच्ची का होईना लिहून काढ. माळ्यावरची पितळी भांडी उतरवून बघ, कोणत्या भांड्यांवर आत्याचं नाव कोरलंय. तीही यादीत घे.

तुझा,
नाना