सुरकुत्या: आधी ऊन, मग ताट

कोलॅजनची (त्वचा घट्ट ठेवणाऱ्या प्रथिनाची) पावडर घ्यायची घाई करू नका, ते पैसे आधी सनस्क्रीनवर घाला. सुरकुत्या आणि वांग यांना सगळ्यात जास्त खतपाणी उन्हाचं. त्यातले यूव्हीए (अतिनील किरणांचा एक प्रकार) किरण खिडकीच्या काचेतूनही आत येतात. सनस्क्रीन एसपीएफ (उन्हापासून संरक्षणाचा आकडा) ३० किंवा जास्त असलेलं घ्या. तर्जनी आणि मधल्या बोटावर मुळापासून टोकापर्यंत दोन रेघा, एवढं चेहऱ्याला आणि मानेला लागतं. मटारएवढा ठिपका लावला की गुण येत नाही, आणि लोक दोष सनस्क्रीनला देतात. उन्हात असाल तर दर २ तासांनी पुन्हा लावा. हातांच्या पाठीही विसरू नका, वय तिथे लवकर दिसतं.

आता ताट. रक्तातली जादा साखर कोलॅजनच्या धाग्यांना चिकटते, ते कडक होतात. दिवसाचे ४ चहा, प्रत्येकी २ चमचे साखर, म्हणजे ३० ग्रॅमच्या वर. दर आठवड्याला अर्धा चमचा कमी करा. कोलॅजन बनायला प्रथिनं आणि क जीवनसत्त्व लागतं: घट्ट वरण, उसळ, अंडी, सोबत एक पेरू. लिंबू उकळत्या वरणात नको, ताटात पिळा. उष्णतेनं क जीवनसत्त्व कमी होतं.

सिगारेट चालू असेल तर हे सगळं पालथ्या घड्यावर पाणी. वजनही झपाट्यानं उतरवू नका, गाल बसतात.