चिऱ्याच्या घराला चुन्याचा गिलावा: प्रमाण काय, पावसात टिकेल का?

मालवणजवळच्या तुमच्या जुन्या चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या, घराचा सिमेंटचा गिलावा दर पावसाळ्यानंतर फुगून पडतो, म्हणून चुन्याचा करावा का, असं विचारलंय. जरूर करा. चिरा पाणी पितो आणि उघडीप मिळाली की सोडतो. सिमेंटने ही वाट अडते, क्षार गिलाव्याच्या पाठीमागे जमतात आणि पापुद्रा सुटतो. पण कौलं फुटकी असतील किंवा पागोळ्या जोत्यावर उडत असतील, तर आधी ते बघा. तिथे चुन्याचंही काही चालणार नाही.

सगळे चुन्यात मिसळायच्या गूळ-हिरड्याचं प्रमाण विचारतात. माझ्या मते कोकणात त्याहून हंगाम महत्त्वाचा. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन घट्ट होतो, तेही वरून आत, फार सावकाश. म्हणून दिवाळीनंतर सुरुवात करून बाहेरच्या भिंती फेब्रुवारीअखेर उरका. मे महिन्यात केलेला कोवळा गिलावा जूनच्या झडीत धुऊन जातो. पहिल्या पावसाळ्यात पश्चिम आणि दक्षिण बाजूला माडाची झापं बांधाच.

कळीचा चुना (भट्टीत भाजलेला, अजून पाणी न लागलेला) ताज्या खड्यांचा घ्या. हवेत राहून त्याची पूड झाली असेल तर तो मेलेला. पिंपात आधी पाणी, मग त्यात थोडा थोडा चुना. उलट केलंत तर उकळता चुना अंगावर उडेल. चष्मा आणि रबरी हातमोजे हवेतच, आणि ॲल्युमिनियमचं भांडं नको. विरला की डासांच्या जाळीतून गाळा आणि वर चार बोटं पाणी ठेवून किमान तीन आठवडे मुरू द्या. न विरलेला कण राहिला तर तो पुढे भिंतीत विरतो, फुगतो आणि गिलाव्यातून गोल टिकली उडवतो.

खाडीची रेती असेल तर गोड्या पाण्याने धूत राहा. निथळणारं पाणी जिभेला खारट लागतंय तोवर धुणं संपलं नाही. ओली रेती मुठीत दाबून सोडल्यावर तळहातावर माती राहिली, तर तीही अजून धुवायची आहे.

बाहेरून 1 भाग मुरलेला चुना, 1 सुर्खी (विटेची पूड), 2 रेती. आतून 1 चुना, 3 रेती पुरे. सुर्खी कमी-मध्यम भाजलेल्या विटेची हवी. काळपट, करकरीत भाजलेल्या विटेची पूड चुन्याशी नीट धरत नाही. गवंडी वरून पाणी ओतायला बघतात, ते थांबवा. कुटत राहिलं की चुन्यातलंच पाणी सुटतं. सुर्खीचा माल त्याच दिवशी संपवा. 12 मिलिमीटरच्या थराला 100 चौरस फुटांमागे सुमारे 4 घनफूट माल लागतो. चिऱ्याची भोकं धरून 5 समजा.

जुनं सिमेंट काढा, दर्जा (चिऱ्यांमधले सांधे) 12-15 मिलिमीटर खोल खरवडा, भोकांतली पिवळी माती तारेच्या ब्रशने काढा. आदल्या संध्याकाळी भिंत भरपूर भिजवा, सकाळी पुन्हा पाणी मारा. कोरडा चिरा मालातलं पाणी ओढून घेतो आणि गिलावा भुसभुशीत राहतो. पहिला थर 10-12 मिलिमीटर, वरून ओरखडे. तो नखाने दबेनासा झाला की दुसरा 6-8. मधल्या काळात बारीक भेगा आल्या तर ओला असतानाच लाकडी रंध्याने दाबून घ्या. भेगा येतात त्या माल पातळ, चुना जास्त, थर जाड किंवा ऊन थेट लागल्याने. पुढे निदान दहा दिवस ओलं गोणपाट टांगून दिवसातून तीनदा हलकं पाणी मारा.

गूळ घातलात तर अगदी थोडा. आपल्या दमट हवेत जास्त गुळावर बुरशी धरते. वर रंग चुन्याच्या सफेदीचाच द्या. प्लास्टिक पेंट लावलात की भिंतीची वाट पुन्हा बंद.

पूर्ण घराला हात घालण्याआधी मागच्या भिंतीवर मीटरभर चौकोन करून महिनाभर बघा. बोट फिरवल्यावर पूड झडली तर पाणी मारणं कमी पडलंय, ठोकल्यावर पोकळ वाजलं तर भिंत नीट भिजली किंवा खरवडली नव्हती.