आधी ऐक, मग कागद काढ

चि. बाय,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या लहान म्युझिक लेबलसाठी (गाणी रेकॉर्ड करून काढणाऱ्या कंपनीसाठी) तू केलेली गोव्यातल्या गायकांची यादी पाहिली. प्रत्येक नावापुढे फॉलोअर्सचा आकडा आहे, पण यांतल्या किती जणांना समोर बसून ऐकलंस ते कुठेच नाही. बांगडे घेताना आपण कल्ले उघडून बघतो, आणि लेबलसाठी गायक मात्र फोनवरची रील बघून घ्यायचा? तीस सेकंदांत गळा किती आणि सूर दुरुस्त करणारं ऑटोट्यून किती, हे मलाही ओळखता येत नाही.

तेव्हा फिर. श्रावणात वास्कोचा दामोदर सप्ताह, चवथीला घुमट या मातीच्या वाद्यावर होणाऱ्या आरत्या, पेडण्याकडची दशावतारी नाटकं, कला अकादमीच्या भजन स्पर्धा. बक्षीस कुणाला मिळालं याला फार महत्त्व देऊ नकोस. रात्री उशिरा मंडप निम्मा रिकामा झाल्यावरही कोण तितक्याच जीव तोडून गातंय ते बघ. पखवाजवाला चुकला तर बुवा त्याला सांभाळून घेतो की सगळ्यांसमोर डोळे वटारतो, तेही बघ. उद्या स्टुडिओत तुझ्याशी तो तसाच वागणार आहे.

एकदा आवडलं म्हणून लगेच बोलू नकोस. दुसऱ्या गावात, दुसऱ्या साथीदारांबरोबर पुन्हा ऐक. मग विचार, ‘स्वतःचं काही आहे?’ आपल्याकडची खरी अडचण इथे आहे. फोंडा, डिचोली, सत्तरीत सुरेल गळ्यांची वाण नाही, पण बहुतेक जण दुसऱ्यांच्या चाली गातात. अभंग तुकोबांचा, म्हणून तो सगळ्यांचा, हे अर्धंच खरं. शब्द मोकळे असतील, चाल मोकळी असेलच असं नाही. गायक-संगीतकार जितेंद्र अभिषेकीबुवा १९९८ साली गेले. संगीतकाराचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षं राहतो, म्हणजे त्यांच्या चालींचा २०५८ अखेरपर्यंत. लहान लेबलने अशा परवानग्यांच्या मागे धावू नये. ज्याच्याकडे स्वतःच्या दोन-तीन चाली आहेत त्याच्याकडे जा, गळा थोडा कमी असला तरी चालेल. फोनवर केलेलं साधं रेकॉर्डिंग माग, एका पेटीवर गायलेलं. तेवढ्यावर गाणं उभं राहिलं तर पुढचं बोलणं.

आणि हे बोलणं पावसाळ्यात कर. आपले चांगले वादक नोव्हेंबर ते फेब्रुवारी हॉटेलांत आणि कॅसिनोंत अडकलेले असतात, लग्नं वेगळीच. जूननंतर माणसं मोकळी असतात. (पत्र्याच्या छपराखालचा स्टुडिओ मात्र तेव्हा घेऊ नकोस.)

आता कागद. सगळीकडे मिळणारा ‘सर्व हक्क कायमचे’वाला मसुदा वापरू नकोस. एक किंवा दोन गाण्यांचा करार कर, तोही मराठीत. रेकॉर्डिंग तुझं, कारण खर्च तुझा. शब्द आणि चाल ज्याची त्याची. कॉपीराइट कायद्यातल्या २०१२च्या दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा लेबलला लिहून घेताच येत नाही, घेतलास तरी तो कागद रद्दच. त्यांना आयपीआरएसचं, म्हणजे त्यांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचं, सभासद व्हायला सांग, फॉर्म भरताना शेजारी बस. शब्द आणि चाल किती काळ वापरणार त्याची मुदत लिही. न लिहिल्यास कायदा ती पाच वर्षं धरतो, आणि प्रदेश न लिहिल्यास फक्त भारत. आपली गाणी ऐकणारे निम्मे दुबईत आणि लंडनमध्ये असतात, हे विसरू नकोस.

खर्च वसूल झाल्यावर निम्मं-निम्मं, आणि खर्चाची बिलं त्यांना दाखवायची. त्यांच्या कार्यक्रमांच्या मानधनाला हात लावायचा नाही. मोठ्या कंपन्या तोही हिस्सा मागतात, पण त्या निदान कार्यक्रम मिळवून देतात. तू देणार आहेस का?

रेकॉर्डिंग झालं की त्याच रात्री, चहा पिता पिता, कोणी काय केलं ते लिहून सगळ्यांच्या सह्या घे. घुमटवाल्याचंही नाव घाल. गाणं चाललं की प्रत्येकाला आपणच चाल सुचवल्याचं आठवतं. प्रत्येक रेकॉर्डिंगचा आयएसआरसी क्रमांकही (त्याची जगभर चालणारी ओळख) स्वतः सांभाळ, स्टुडिओवाल्यावर सोडू नकोस. २०११च्या जनगणनेत अख्ख्या गोव्याची लोकसंख्या साडेचौदा लाख होती. सकाळी पेडण्यात एखाद्याचे पैसे बुडवलेस तर संध्याकाळी काणकोणात कळतं, आणि मग तुझ्याकडे गायला कोण येणार?

तुझ्या यादीतली डिचोलीची मुलगी मी ऐकली आहे. तिच्यासाठी जाणार असशील तर आधी वय विचार. अठरा पूर्ण नसतील तर तिच्या सहीला कायद्यात किंमत नाही. तिच्या बाबांनी कितीही आग्रह केला तरी करार नको. तोवर तिचं ऐकत राहा, जमल्यास चांगला मायक्रोफोन वापरायला दे, बदल्यात काही लिहून घेऊ नकोस. अठराव्या वाढदिवसानंतर ती दुसऱ्या लेबलकडे गेली तर जाऊ दे.

बाकी भेटीअंती. येताना लॅपटॉप आणू नकोस, वही आण.

तुझा,
काका