बर्लिनला निघण्याआधी घरभाड्याचा हिशेब

तुमचा प्रश्न असा: कासारवडवलीत भाड्यानं टू बीएचके आहे, बर्लिनची नोकरी पक्की झाली आहे, सोबत पत्नी आणि चार वर्षांची मुलगी. भाड्याला महिन्याला किती धरायचे, आणि ठाण्यात बसूनच घर नक्की करावं का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी, कारण पैसे तिथेच बुडतात. नाही, करू नका. 'मालक परदेशात आहे, डिपॉझिट पाठवा, किल्ली कुरिअरनं येईल' हा तिथला नेहमीचा सापळा आहे. आणि प्रामाणिक मालकही कायमचं घर देताना पगाराच्या तीन स्लिपा आणि शूफा, म्हणजे तिथला क्रेडिट रिपोर्ट मागतो. नवख्याकडे सुरुवातीला ते नसतं. म्हणून पहिले दोन-तीन महिने फर्निश्ड, तात्पुरती जागा घ्या. ती महाग पडते, पण तो खर्च धरूनच निघा.

ही जागा घेताना एकच गोष्ट ताणून धरा: तिथे आनमेल्डुंग, म्हणजे पत्त्याची सरकारी नोंद करता आली पाहिजे. राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत ती करायची असते आणि तिला घर देणाऱ्याच्या सहीचा फॉर्म लागतो. त्या नोंदीनंतरच टॅक्स आयडी पोस्टानं येतो. 'नोंद होणार नाही, पण भाडं कमी' अशा जाहिराती दिसतील, त्या सोडा. ही नोंद जिथे होते त्या ब्युर्गरआम्टची, म्हणजे नागरिक सेवा कार्यालयाची अपॉइंटमेंट लवकर मिळत नाही, तेव्हा ती इथूनच शोधायला लागा.

आता आकडा. जाहिरातीत काल्टमीटे लिहिलेलं असतं, ते नुसतं जागेचं भाडं. त्यात पाणी, कचरा, जिन्याची सफाई, हीटिंग मिळवलं की होतं वार्ममीटे. वीज आणि इंटरनेट त्याच्याही बाहेर. शिवाय दर घरामागे महिना 18.36 युरो प्रसारण शुल्क, टीव्ही असो वा नसो. काही जुन्या इमारतींत प्रत्येक घराचा गॅस बॉयलर वेगळा असतो. तिथे 'वार्म' आकड्यातही हीटिंग नसतं, गॅसचं बिल आपलं. हे बघायला जाल तेव्हाच विचारा. हीटिंगचे पैसे दरमहा अंदाजानं घेतात आणि वर्षाचा हिशेब नंतर येतो. हिवाळा कडक गेला तर एकदम काहीशे युरो भरावे लागू शकतात.

तिघांसाठी 65 चौरस मीटर, म्हणजे सुमारे 700 चौरस फूट घर धरू. ठाण्यातल्या बिल्ट-अपशी तुलना करू नका. हे जवळपास कार्पेटच असतं, बाल्कनी साधारण पाव हिशेबानं धरतात. 'दोन त्सिमर', म्हणजे दोन खोल्या: एक हॉल आणि एक बेडरूम, आपला वन बीएचके. काल्ट 1,000 युरो असेल तर इतर खर्च 200, वीज-इंटरनेट 100 असे धरून 1,300च्या पुढेच जाल. मालक सहसा हातात येणारा पगार भाड्याच्या तिप्पट आहे का ते बघतात.

बर्लिनचा 2024चा अधिकृत भाडेतक्ता सरासरी 7.21 युरो प्रति चौरस मीटर सांगतो. तो वाचून खूश होऊ नका. त्यात जुने भाडेकरूही येतात. करार बेमुदत असल्यानं ते घर सोडत नाहीत. नव्यानं निघणाऱ्या जाहिराती त्याच्या दुपटीच्या घरात असतात. सरकारी मालकीच्या देगेवो, गेवोबाग, होवोगे अशा कंपन्यांची घरं स्वस्त मिळतात, अर्ज मात्र पुष्कळ. तिथे पहिल्या दिवसापासून अर्ज टाकत राहा.

डिपॉझिट कायद्यानं जास्तीत जास्त तीन महिन्यांचं काल्टमीटे, वरच्या उदाहरणात 3,000 युरो. ते तीन समान मासिक हप्त्यांत देण्याचा हक्क तुम्हाला आहे, पहिला हप्ता भाडं सुरू होताना. एजंटचे पैसे 2015पासून ज्यानं त्याला नेमलं त्यानं द्यायचे, म्हणजे बहुतेकदा मालकानं. ठाण्यातल्यासारखी महिन्याची ब्रोकरेज नाही.

ती वाचलेली रक्कम स्वयंपाकघरात जाते. रिकामं घर म्हणजे बरेचदा खरंच रिकामं: ओटा नाही, काही ठिकाणी सिंकही नाही, दिव्यांच्या जागी वायरी लोंबतात. आधीचा भाडेकरू त्याचं किचन विकत देऊ करतो. ओव्हन चालतो का, माप काय, फोटो काढून मगच भाव करा, आणि ते करारात लिहून घ्या.

करारात दोन ओळी शोधा. श्टाफेलमीटे असेल तर भाडं दरवर्षी ठरलेल्या रकमेनं वाढतं, इंडेक्समीटे असेल तर महागाईबरोबर. भाडेकरूला तीन महिन्यांची नोटीस पुरते, पण काही करारांत ठरावीक वर्षं सोडता येणार नाही असं कलम घालतात.

ताबा घेताना प्रत्येक ओरखडा, मीटरचं रीडिंग, किल्ल्यांची संख्या प्रोटोकॉलमध्ये, म्हणजे ताब्याच्या लेखी नोंदीत लिहून घ्या. मग हिवाळ्यात खिडक्या रोज दोनदा पाच-दहा मिनिटं सताड उघडा. बंद घरात फोडण्या आणि वाळत घातलेले कपडे यांनी कोपऱ्यात काळी बुरशी येते आणि डिपॉझिटवर त्यावरून वाद होतो.

आणि राहायला जाल त्याच दिवशी पत्रपेटीवर आणि बेलवर आडनाव लावा. तिथल्या पत्त्यात सहसा फ्लॅट नंबर नसतो. नाव दिसलं नाही तर टॅक्स आयडीचं पत्र परत जातं.