घोड्याच्या अंगावरचे डाग पुसू नका

प्रश्न: आमच्या दांडिया बाजारातल्या घरी पणजोबांच्या वेळेपासून एक मोठं ऑइल पेंटिंग आहे, तांबूस घोडा, वर पिवळा शर्ट आणि काळी टोपी घातलेला जॉकी. घोड्याचे पुढचे पाय पुढे, मागचे मागे, चारही हवेत. मुलगा म्हणतो घोडा असा पळतच नाही, कोणीतरी बाजारू माणसाने काढलंय. घोड्याच्या पाठीवर काळे डाग पण पडलेत. दिवाळीच्या साफसफाईत बटाटा घासून ते निघतील का?
– एक वाचक, वडोदरा

उत्तर: बटाटा आधी खाली ठेवा, हात जोडून सांगतो! पाणी, लिंबू, रॉकेल काहीच लावू नका.

मुलाचं अर्धं बरोबर आहे. घोड्याचे चारही पाय एका क्षणी हवेत असतात खरे, पण तेव्हा ते पोटाखाली गोळा झालेले असतात, हे 1878 मध्ये मायब्रिज या फोटोग्राफरने कॅलिफोर्नियात ओळीने कॅमेरे लावून फोटो काढले तेव्हा कुठे लोकांना दिसलं. तोपर्यंत चांगले चांगले चित्रकार असेच पाय ताणलेले काढायचे आणि नंतरही बरीच वर्षं ती सवय गेली नाही, त्यामुळे तेवढ्यावरून चित्र बाजारू ठरत नाही. जॉकी कसा बसलाय तेही बघा. रिकिबी लांब आणि पाठ ताठ असेल तर ती जुनी पद्धत, मानेवर ओणवं होऊन बसणं इंग्लंडमध्ये 1897 नंतर टॉड स्लोन या अमेरिकन जॉकीमुळे रुळलं.

आता डाग, पण त्यासाठी आधी शर्ट. शर्टाचे रंग जॉकीचे नसतात, घोड्याच्या मालकाचे असतात, आणि पिवळा शर्ट काळी टोपी हे ड्यूक ऑफ वेस्टमिन्स्टर या इंग्रज उमरावाचे रंग होते. त्यांचा बेंड ऑर नावाचा तांबूस घोडा 1880 ची डर्बी ही इंग्लंडमधली मोठी रेस जिंकला, फ्रेड आर्चर हा जॉकी वर होता, काही आठवड्यांपूर्वीच एका घोड्याने चावून त्याचा हात निकामी केला होता, तरी जवळजवळ एका हाताने लगाम धरून त्याने रॉबर्ट द डेव्हिल या घोड्याला फक्त डोक्याएवढ्या अंतराने हरवलं. मला ही रेस फार आवडते. आणि या बेंड ऑरच्या अंगावर काळसर ठिपके होते, इतके ओळखीचे की तांबूस घोड्यांवरच्या तसल्या ठिपक्यांना आजही त्याचंच नाव आहे! म्हणजे तुम्ही जे घासायला निघालात ते चित्रकाराने मुद्दाम काढलेले असू शकतात. तुमचा घोडा तोच, असं फोटोही न बघता म्हणणार नाही, पण घाई करू नका.

भिंग घेऊन दिवसाउजेडी बघा. रंगात बारीक छापील ठिपके दिसले तर तो छापील ओलिओग्राफ, रविवर्म्याच्या देवतांच्या तसबिरी असायच्या तसा, कॅनव्हाससारखा खरखरीतपणा त्यातही छापताना उठवलेला असतो म्हणून बोटाने फसायला होतं. ब्रशचे फटकारे एकावर एक दिसले तर पुढे बोलू. मग फ्रेम उतरवून, दोघांनी धरून, मागच्या बाजूचा फोटो काढा, कॅनव्हासवर लंडनच्या दुकानाचा शिक्का किंवा चिकटवलेला कागद असेल तर तो सोलू नका. मळलेलं पिवळट व्हार्निश काढायचं काम कॉन्झर्व्हेटरचंच, म्हणजे जुनी चित्रं दुरुस्त करणाऱ्या तज्ज्ञाचं. तोवर चित्र ओल धरणाऱ्या भिंतीवरून काढून आतल्या कोरड्या खोलीत टांगा, आणि पुढचा-मागचा फोटो मला पाठवा, मी वाट बघतोय.